तीन पट्ट्यांची गोळी

एल्मर कीथने १९२०च्या दशकाच्या अखेरीस .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी आखलेली ओतीव शिशाची गोळी हातात घेतली की नजर आधी तिच्या सपाट नाकावर जाते. कौतुकही बहुतेक त्या नाकाचंच झालं. पण तिचं सौंदर्य नाकाच्या मागे आहे. तिथली रेघ न् रेघ एका दुखण्यावर रोखलेली आहे: बॅरलमध्ये शिसं धरणं.

लायमनच्या आयडियल साच्यांत तिचा क्रमांक ४२९४२१. पहिले तीन आकडे व्यासाचे, म्हणजे ०.४२९ इंच, वजन २५० ग्रेनच्या आसपास. अंगावर सारख्या रुंदीचे तीन पट्टे. पुढचा पट्टा पितळी पुंगळीच्या बाहेर राहतो आणि सिलिंडरच्या घराच्या तोंडाशी, नेमबाज ज्याला थ्रोट म्हणतात तिथे, जाऊन बसतो. चाप ओढण्याआधीच गोळी बॅरलच्या रेषेत आलेली असते. त्यामागे पुंगळीचा काठ दुमडायला तिरका चर, मग मधला पट्टा, मग वंगणाचा खोल, सपाट तळाचा चर आणि शेवटी धारदार काठाचा तळपट्टा. जळत्या दारूचा वायू अडवायचं काम या शेवटच्याचं.

गोळी थ्रोटपेक्षा किंवा बॅरलपेक्षा ढिली असली की वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं ओरबाडतो आणि समोरच्या पोलादावर थापतो. पुढची गोळी तो थर आणखी दाबून बसवते. थोड्याच फैरींत नेम विस्कटतो. १९३५ साली .३५७ मॅग्नम आलं, तेव्हा कारखान्याच्या मऊ गोळ्यांनी त्या वेगात नळ्या भरून टाकल्या. त्या काडतुसाची ही ख्याती बरीच वर्षं टिकली.

शिसं कुठे धरलंय ते मात्र बारकाईने पाहावं. बॅरल उजेडासमोर धरली की करड्या, निस्तेज रेघा दिसतात. त्या सिलिंडरच्या बाजूला, सुरुवातीलाच असतील, तर संशय मापावर घ्यावा: गोळी बारीक आहे, किंवा थ्रोट बॅरलच्या चरांपेक्षा अरुंद असल्यामुळे जाड गोळीसुद्धा तिथेच पिळून बारीक होते. मग मोठा साचा आणून उपयोग नाही, थ्रोट रीमरने मोठे करावे लागतात. शिसं मुखाजवळ असेल तर वंगण वाटेत संपलंय. पिळाच्या उंचवट्यांच्या एकाच कडेला असेल तर गोळी पीळ न पकडता घसरतेय, म्हणजे त्या वेगाला मिश्रण मऊ पडतंय. आणि बॅरल फ्रेममध्ये आवळून बसवलेली असते तिथे नळी किंचित आकसलेली असू शकते. त्या चिंचोळ्या जागेतून निघालेली गोळी पुढे ढिलीच राहते. हे शेवटचं कारण सगळ्यात उशिरा सुचतं.

खात्री करायची तर शुद्ध शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हळू ठोकत न्यायचा. आकसलेल्या जागी हाताला अडखळ लागते, ती मायक्रोमीटरपेक्षा बोलकी असते. स्मिथ अँड वेसनच्या बॅरलला पाच चर, म्हणजे चरासमोर उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर व्यास चुकीचा सांगतो. थ्रोट गोल असतात. त्यांचं माप घेऊन त्यांत गोळी अंगठ्याच्या दाबाने सरकेल एवढी ठेवली, आणि बॅरल थ्रोटपेक्षा मोठी नसली, तर बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

पण लोक आधी धावतात ते कडक मिश्रणाकडे, आणि हे मला पटत नाही. शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापाने ५, छापखान्याच्या लायनोटाइपची २२. कीथ १६ भाग शिशाला १ भाग कथील घाली; ते साधारण ११. एवढी गोळी दाबाखाली तळाशी थोडी फुगते आणि फट स्वतः बुजवते. बारीक आणि कडक गोळी फुगत नाही, वायूला वाट देते. बेतशीर दाबाच्या काडतुसात लायनोटाइप घालून शिसं वाढवून घेणारे पुष्कळ आहेत.

धरलेलं शिसं काढायला जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळावेत. जाकीटवाल्या गोळ्या झाडून नळी साफ करायची युक्ती वाईट: थर इस्त्री होतो आणि दाब वाढतो. व्हिनेगर-पेरॉक्साइडच्या मिश्रणात शिसं विषारी होऊन विरघळतं. ते हातात घेऊच नये.

लायमनने नंतरच्या साच्यांत वंगणाच्या चराचा तळ गोल केला. कीथने यावर उघड नाराजी लिहिली. गोल तळामुळे गोळी साच्यातून पटकन सुटते, पण मेण कमी मावतं. साडेसात-आठ इंची बॅरलच्या मुखापर्यंत मेण पुरायचं तर चौकोनी चरच हवा. त्यासाठी साच्याच्या बिजागरीवर लाकडी हातोडीचा एक ठोका जास्त द्यावा लागला, तर तो मी आनंदाने देईन.