‘जंगलात सोडलं’, आणि मग?

गेल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या मुलांबरोबर एक मुलाखत वाचायला घेतली. वन्यजीव बचावाचं काम करणाऱ्या एका माणसाची, पेपरच्या पुरवणीत आलेली. सगळ्यांना आवडली. मलाही आवडली, आधीच सांगून टाकते. विहिरीत पडलेला बिबट्या, त्याला टेकायला खाली सोडलेली खाट, काठावरची गर्दी हटवताना उडालेली तारांबळ... हे ज्यानं केलंय तोच असं सांगू शकतो. तेवढ्या भागावर बिनधास्त विश्वास ठेवा.

पण पुढे वाक्य येतं, ‘इतके बिबटे आम्ही वाचवले आणि जंगलात सोडले.’ मी विचारलं, यात पाहिलेलं काय आणि मानलेलं काय? कुणीच बोलेना. ‘सोडले’ हे पाहिलेलं. ‘वाचवले’ हे मानलेलं. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर पुढे काय झालं, हे मुलाखतीत कुठेच नाही. माझा राग त्या माणसावर नाही, प्रश्न न विचारणाऱ्या मुलाखतकारावर आहे.

हा कीस का पाडायचा, तर जुन्नर. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११चा ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’मधला पेपर काढून वाचाच. फेब्रुवारी २००१ पासून तिथले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडायला लागले. त्याआधी, १९९३ पासून, जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. नंतर २००३ पर्यंत सरासरी १७. जिथे सोडले त्या जागांभोवतीही हल्ले झाले, आणि त्यांचा संबंध सोडण्याशीच लागला. मुलाखतीच्या हिशेबात मात्र यातला प्रत्येक बिबट्या ‘वाचवले’मध्येच धरला गेला असता!

‘म्हणजे मुलाखत खोटी का?’ एकीनं विचारलं. नाही हो. त्याच मुलाखतीत चार ओळी आहेत, ऊसतोडीत सापडलेल्या बछड्यांच्या. ती त्याच शेतात संध्याकाळी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि रात्री आई येऊन तोंडात धरून घेऊन जाते. इथे शेवट दिसतो. आई आली की नाही, किती वाजता, किती रात्री थांबावं लागलं, हे सगळं नोंदवता येतं. मुलाखतकार नेमका इथूनच घाईनं पुढे गेलाय, कारण विहिरीसारखा थरार यात नाही.

आमच्यातल्या एकानं हा बचावाचा आकडा प्रपोजलच्या प्रस्तावनेत ‘यशस्वी पुनर्वसन’ म्हणून घातला होता. शब्द बदलून ‘पकडून सोडलेले’ कर म्हटलं, आणि शेजारी ‘सोडल्यानंतर’ असा एक रकाना वाढव. तो जवळजवळ कोराच आहे. आता त्या रकान्यासाठी कॉलर, मायक्रोचिप की कॅमेरा ट्रॅप, यावर गाईडशी बोलणं चाललंय.