विकतचा वनवास

गेल्या मार्च महिन्यात आमच्या पुतण्याने आम्हां उभयतांना चार दिवसांचा वनवास भेट म्हणून दिला. 'वनवास' हा शब्द अर्थातच माझा. त्याने पाठविलेल्या माहितीपत्रिकेत त्याला बरीच भारदस्त नावे होती. ताडोबाच्या सीमेलगत एक निवास आहे, तेथे अवघ्या नऊ कुटी आहेत आणि एका कुटीतून दुसरी दिसत नाही, अशी ती व्यवस्था. "काका, महाबळेश्वरला जाऊन नुसती माणसांची डोकी मोजायची! इथं तुम्हांला कुणी म्हणता कुणी दिसणार नाही," असे पुतण्या म्हणाला. दर ऐकून सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. पण पैसे भरून झाले होते, तेव्हा आम्ही निघालो.

मी जन्मभर पुस्तके वाचून त्यांवर बरेवाईट लिहीत आलो. त्या खोडीने मी ती गुळगुळीत कागदावरची पत्रिकाही एखाद्या काव्यसंग्रहासारखी दोनदा वाचून काढली. एवढ्याशा पत्रिकेचे परीक्षण कशाला, असे वाचक विचारतील. परंतु आज सुखवस्तू घरांत प्रवासवर्णनाच्या पुस्तकांपेक्षा अशा पत्रिकाच अधिक वाचल्या जातात. अरण्य म्हणजे काय हे आपल्या मुलानातवंडांना त्याच शिकवीत आहेत. जे वाङ्मय इतके वाचले जाते, त्याकडे टीकाकाराने नाक मुरडून भागणार नाही.

प्रथम त्या पत्रिकेच्या बाजूचे जे आहे ते सांगतो. गर्दीपासून पळून जावेसे वाटणे यात खोटे काही नाही. ती गर्दी आता जंगलातही शिरली आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, वर्षअखेरच्या हौशी मंडळींच्या गाड्यांनी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली. त्याआधी, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच ठेवले होते. नंतर ते सुरू झाले ते नियमांच्या चौकटीत. गाभ्याचा फार तर पाचवा हिस्सा पर्यटनाला मोकळा असावा, असे त्या नियमांत ठरले. तेव्हा थोडी माणसे, थोड्या गाड्या आणि कमी गलका हे कुणी मागितले तर त्याला शहाणाच म्हणावे लागेल. नऊ कुटींचा निवास नव्वद खोल्यांच्या हॉटेलापेक्षा जंगलाला कमी जाचतो, हेही मी मान्य करतो.

माझी तक्रार पुढची आहे. त्या पत्रिकेतले गद्य मी बारकाईने वाचले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यात माणूसच नाही. वाघ आहे, पळस आहे, तळे आहे, तळ्याकाठी मांडलेले टेबल आहे आणि टेबलावर चांदीचे काटेचमचे आहेत. पण ते टेबल तिथवर वाहून नेणारा कुणी नाही. 'जिथे कुणाचे पाऊल पडलेले नाही' अशा अर्थाचे एक वाक्य तीन ठिकाणी आले आहे. आता ताडोबा हे नावच मुळी एका माणसाचे आहे! तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला आणि तळ्याकाठी थोरल्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी कथा गोंड लोक सांगत आले आहेत. पौषात त्याची जत्रा भरत असे. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, तेही त्या देवाचेच नाव घेऊन. ज्या अरण्याच्या नावातच माणूस आहे, त्याला 'निर्मनुष्य' म्हणणारे गद्य सुंदर असेल, पण खरे नव्हे.

आता अनुभव सांगतो. पहिले दोन दिवस मी सुखात होतो, हे कबूल केलेच पाहिजे. पहाटे मोहाचा गोडसर वास यायचा. दुपारी सारे रान गप्प झाले की वाळलेले पान पडल्याचाही आवाज ऐकू येई. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, किती वर्षांनी आपण दोघं नुसते बसलो आहोत!" ते खरेच होते आणि त्याचे मोल मी कमी लेखीत नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या कुटीवर चहा घेऊन येणाऱ्या गृहस्थांशी बोलणे निघाले. पन्नाशीचे असतील. मी सहज विचारले, "गाव कुठलं तुमचं?"

त्यांनी जंगलाच्या दिशेने हात केला. "आमचा गाव आतमंदीच होता जी. आता बाहेर आणून बसवला. जमीन भेटली, घर भेटलं. पोरं शाळेत जातेत. वाईट झालं असं नाही म्हणत मी."

"मग आत कधी जाता की नाही?"

"कसा जाणार, साहेब? मायच्या हातचं मोहाचं झाड हाये तिथं. मोहफुलाच्या दिवसांत माय सूर्य निघायच्या आधी टोपली घेऊन जात होती. आता तिकिटाचे पैसे भरा, जिप्सीत बसा, अन् खाली उतरायचं नाही."

असे म्हणून ते हसले आणि साखर किती घालू म्हणून विचारले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. त्यामुळेच मला तो चहा गोड लागेना. वाघासाठी गावे हलवावी लागतात, हे मला पटते. त्या स्थलांतराने वाघांना जागा मिळाली आणि कित्येक कुटुंबांना रस्ता, शाळा आणि दवाखाना जवळ आला. पण ज्या शांततेसाठी मी चार दिवस पाहुणा म्हणून मिरवत होतो, ती मुळात यांनी मोकळी करून दिलेली होती, आणि पत्रिकेत त्याचा एक शब्द नव्हता.

त्या रात्री मला विभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'आरण्यक' ही कादंबरी आठवली. १९३९ साली ती पुस्तकरूपाने निघाली. कलकत्त्याचा एक बेकार सुशिक्षित तरुण, सत्यचरण, बिहारमधील जंगलजमिनीच्या इस्टेटीचा व्यवस्थापक म्हणून जातो. प्रारंभी त्याला तो एकांत खायला उठतो आणि पुढे त्याच एकांताचे त्याला वेड लागते. इथपर्यंत आपली पत्रिका आणि ती कादंबरी हातात हात घालून चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात. विभूतिभूषणांचे अरण्य माणसांनी गजबजलेले आहे. कुणी नाहीत ती रानातील फुलझाडे आणून सरोवराकाठी लावणारा युगलप्रसाद तेथे आहे. नाचून पोट भरणारा पोरगा धातुरिया आहे. राज्य गेलेला म्हातारा संथाळ राजा दोबरू पान्ना आणि त्याच्या घरची भानुमती आहे. शिवाय सत्यचरणाची नोकरी कोणती? ते जंगल तोडून कुळांना वाटून देण्याची! ज्याच्यावर तो जीव जडवतो, तेच तो आपल्या हाताने संपवतो, आणि हे तो लपवीत नाही. आरंभापासून ही कबुली त्या कादंबरीभर पसरलेली आहे. तिचे मोठेपण मला निसर्गवर्णनापेक्षा या कबुलीत दिसते. आनंद घेणाऱ्याने आपल्या आनंदाचा हिशेब मांडला आहे. आमच्या पत्रिकेत चारही दिवसांच्या जेवणाचा तपशील होता, पण हिशेबाचे हे पान नव्हते.

कुणी म्हणेल, करमणुकीच्या कागदाला कादंबरीचे माप कशाला लावता? बरे तर, निव्वळ पाहुण्याच्या वागणुकीचे माप लावू. त्यासाठी कालिदासाकडे जावे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणामागे धावत आश्रमाजवळ येतो. हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नकोस, असे तापस सांगतात आणि चक्रवर्ती राजा मुकाट्याने बाण उतरवतो. आश्रमवासीयांना त्रास नको म्हणून तो रथ अलीकडेच थांबवतो. अंगावरचे अलंकार आणि हातातले धनुष्य सारथ्याकडे देतो आणि साध्या वेषाने आत जातो. चैन बाहेर ठेवून अरण्यात शिरायचे असते, ही आपली जुनी रीत. आता आपण ती चैन चाकांच्या पेट्यांत घालून आत नेतो.

पण कालिदास तेवढ्यावर थांबत नाही. राजा एकटा नम्र झाला तरी त्याचा लवाजमा मागून येतोच. अंक संपता संपता घोड्यांच्या टापांची धूळ झाडांवर वाळत घातलेल्या वल्कलांवर पडते, आणि रथाला बिचकलेला एक हत्ती तपोवनात शिरतो. एका सज्जन पाहुण्याच्या पाठोपाठ केवढी गडबड येते, हे त्या कवीने नेमके हेरले होते. माझ्या एकांतामागेही माल आणणाऱ्या मोटारी, कपडे धुण्याची यंत्रे आणि रात्रभर चालणारे गारव्याचे यंत्र होतेच. ते मला दिसू नये अशी तजवीज मात्र चोख होती.

याच्याही पुढची गोष्ट मला अधिक बोचते. तोच दुष्यंत राजधानीत परतल्यावर तपोवनातल्या माणसाला विसरतो. नाटकात त्याला दुर्वासाच्या शापाची सबब आहे. आपल्याला तीही नाही. आपण परत येतो, वाघाची छायाचित्रे नातेवाइकांना दाखवतो आणि चहा देणाऱ्याचे गाव विसरतो.

मराठी वाचकाला हे विसरणे शोभत नाही, कारण दुसरा धडा आपल्या घरातच आहे. २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात उमर घालवली. पाखरांची आणि झाडांची नावे त्यांनी रानात राहणाऱ्या लोकांकडून शिकून घेतली आणि ती मराठीत आणली. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले, वानरांकडे पाहत बसले आणि 'सत्तांतर' लिहिताना स्वतः बाजूला सरले. या दोघांनाही एकांत मिळाला, पण तो कुणाला वगळून मिळालेला नव्हता. आपले मोठेपण थोडे खाली ठेवून त्यांनी तो मिळवला होता. पैशाने गर्दी लांब ठेवता येते. एकांताला मात्र शेजारी कोण आहे, हे ठाऊक असावे लागते. नाहीतर तो नुसता बंदोबस्त होतो.

निघताना त्या गृहस्थांनी सौभाग्यवतींच्या हाती वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी ठेवली. "बाहेरच्या झाडाची हायेत," असे त्यांनी मुद्दाम सांगितले. सौभाग्यवतींनी त्यांना गाव विचारले, मुलांची नावे विचारली आणि दोन्ही वहीत लिहून ठेवली. मी जन्मभर पुस्तके वाचली, पण ही गोष्ट मला सुचली नव्हती.

पुतण्याने या दिवाळीला पुन्हा विचारले आहे. पावसाळ्यातले तीन महिने बंद असलेला ताडोबाचा गाभा १ ऑक्टोबरला उघडतो आणि सुट्टीची झुंबड लगेच सुरू होते, तेव्हा त्याला घाई आहे. जाऊ नये असे मी म्हणणार नाही. माझे वाचकही खुशाल जावोत. मी त्याला एवढेच कळवले, की या खेपेस त्या गृहस्थांच्या नव्या गावात कुणाकडे उतरायची सोय होते का ते पाहा. पंखा नसला तरी चालेल. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मोहफुलांची पुरचुंडी फराळाच्या डब्यांशेजारी फडताळात आहे, आणि फडताळ उघडले की अजूनही तो वास येतो.