सिंदखेडचा वाडा : दुसऱ्या तारखेच्या शोधात

सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या वाड्यात आलेल्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : जिजाऊंचा जन्म नेमका कोणत्या दालनात झाला? दालन दाखवले जाते, हात जोडले जातात आणि गाडी जालन्याच्या नाहीतर मेहकरच्या वाटेला लागते. गेली तीस वर्षे मी हे पाहत आहे. त्या नमस्काराबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो मीही करतो. आक्षेप आहे तो आपल्या वाचनावर. एवढ्या मोठ्या पडक्या वास्तूला आपण एकच तारीख दिली आहे, १२ जानेवारी १५९८.

दुसरी तारीख जुलै १६२९ मधली आहे. लखुजीराव मधल्या काळात निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते आणि परतही आले होते. त्यानंतर दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात त्यांची हत्या झाली. सोबत अचलोजी आणि राघोजी हे पुत्र व नातू यशवंतरावही मारले गेले. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. दोन घटनांत सात महिन्यांचेही अंतर नाही. शिवराय पोटात असताना जिजाऊंचे माहेर उजाडले होते. हे ध्यानात घेतले की वाड्याच्या भिंती वेगळ्या दिसू लागतात.

आपल्याकडचे लेखन मात्र रंगमहालातल्या रंगपंचमीच्या गोष्टीत रमते. ती गोष्ट नंतरच्या बखरींनी रंगवलेली आहे. दरबारातली हत्या तिथे दोन ओळींत उरकते. वाड्याला सरसकट ‘किल्ला’ म्हणण्याची सवयही अशीच. तो देशमुखीचा कारभार चालवणारा वाडा होता. त्याचे सामर्थ्य पाहायचे तर मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव पाहावी. पाणी राखणारी सत्ता तिथे दिसते.

गाव त्याहून जुने आहे. नीळकंठेश्वराचे देऊळ जाधवांच्या आधीचे. २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या आवारात पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, तीही सव्वादोन मीटर खोल.

म्हणून पुढच्या वेळी उलट्या वाटेने जावे. आधी समाधी, मग तलाव, शेवटी वाडा. जन्माच्या दालनापाशी पोहोचाल तेव्हा, ज्या लेकीने हे सारे गमावले, तिला केलेला नमस्कार अधिक जाणता असेल.