‘कडवा’ या शब्दाची दोन तोंडे

नाझी प्रचारावरच्या मराठी लेखनात गोबेल्सचे एक वाक्य हमखास भेटते. खोटे पुन्हापुन्हा सांगितले की खरे वाटू लागते, हे ते वाक्य. त्याने ते म्हटल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. तरीही ते आपल्याला आवडते, कारण त्यात फसवणारा एक आणि बाकी सगळे भोळे ठरतात.

व्हिक्टर क्लेम्पररांचे ‘एलटीआय’ (१९४७) हे पुस्तक या समजुतीला छेद देते, असे सहसा मानले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. क्लेम्परर ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक. ज्यू असल्यामुळे १९३५ साली त्यांची नोकरी गेली, आणि हाती उरली रोजनिशी. ती पाने त्यांच्या पत्नी एव्हा पिर्ना गावातल्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन लपवीत. सापडली असती तर जिवावरच बेतले असते.

अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत वाचलेल्या या माणसाला ‘फानाटिश’ हा शब्द खटकला. त्या विचारवंतांच्या लेखी धर्मवेड ही निंदेची गोष्ट होती. नाझी राजवटीत तोच शब्द सद्गुण झाला. याचे मराठी भाषांतर करायला बसलो तेव्हा ‘धर्मांध’ जमेना. शेवटी ‘कडवा’ घेतला. आपण ‘कडवा कार्यकर्ता’ कौतुकानेच म्हणतो, हे तेव्हा लक्षात आले. असो.

भाषणांपेक्षा अशा शब्दांच्या रोजच्या वापरातून विष भिनले, हा क्लेम्पररांचा सिद्धान्त. इथेच मला अडखळायला होते. खुद्द त्यांच्याच नोंदी सांगतात की ज्यूंना कोंबलेल्या घरांतले शेजारीही राजवटीचेच शब्द वापरत. या माणसांची हिटलरवर निष्ठा होती काय? शब्द तोंडात बसले होते, एवढेच. म्हणजे भाषेचे वळण हा श्रद्धेचा पुरावा धरता येत नाही. क्लेम्परर हे निरीक्षण नोंदवतात, त्याचा अर्थ मात्र पुरता लावत नाहीत.

प्रचाराशेजारी धाक उभा होता. १९३३ साली ७६ मार्कांचा ‘लोकरेडिओ’ बाजारात आला. त्याचे ‘३०१’ हे नाव ३० जानेवारीवरून, हिटलर सत्तेवर आला त्या दिवसावरून. पुढे १ सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा झाले, आणि रेडिओच्या बटणाला तशी ताकीद देणारा कागद लटकू लागला. ऐकणाऱ्याचा विश्वास पक्का असता तर त्या कागदाची गरज काय होती? निष्ठा आणि आज्ञापालन एकत्र नांदतात, पण त्यांचे कारखाने वेगळे असतात. पुस्तकात पहिला कारखाना भरपूर दिसतो. दुसरा रोजनिशीत जास्त दिसतो. म्हणून मला रोजनिशी मोठी वाटते.

युद्धानंतरच्या नोंदी तर आणखी बोलक्या आहेत. सोव्हिएत अमलाखालच्या भागात नवे सत्ताधारी जुन्याच वळणाने बोलतात, हे क्लेम्पररांनी १९४५ सालीच टिपले आणि त्या बोलीला ‘एलक्यूआय’, म्हणजे चौथ्या साम्राज्याची भाषा, असे नावही दिले. त्याच वर्षाअखेरीस ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५० साली पूर्व जर्मनीच्या लोकसभागृहाचे सदस्य झाले. ही टिपणे १९६० मधील त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी छापली गेली.