‘रसायनविरहित’ काळी मेंदी?

‘नैसर्गिक, रसायनविरहित काळी मेंदी’. पाकिटावरच्या या चार शब्दांत दोन चुका आहेत. मेंदीतील लॉसोन हे रसायनच. ते केसांतील केराटिनशी जोडले जाते आणि पांढरे केस तांबूस होतात, काळे नव्हे. त्यावर निळीच्या पाल्याचा लेप दिला, की पाल्यातील इंडिकानपासून इंडॉक्सिल सुटते. हवेतील ऑक्सिजनमुळे त्याची नीळ बनते. तांबड्यावर निळा रंग चढून केस काळसर दिसतात. घटकांत नीळ नसताना केस काळेभोर झाले, तर पॅराफेनिलीनडायअमाइनची शंका घ्यावी. त्याने काहींना तीव्र अॅलर्जी होते. वर्गात पाकीट आणून घटकांची यादी वाचून पाहा. ‘रसायन आहे का?’ याऐवजी ‘कोणते रसायन?’ असे विचारायला विद्यार्थ्यांना शिकवू या.