रविवारच्या पलीकडचे लोखंडे

दरवर्षी १० जूनला आमच्या कारंज्याच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो. १८९० साली याच दिवशी नारायण मेघाजी लोखंडेंमुळे रविवारची सुट्टी मिळाली, खाली हात जोडलेले. यंदा तो आला, त्याच्या आदल्या रविवारी मी दिवसभर ऑन-कॉल होतो. म्हटलं, या माणसाने स्वतः काय लिहिलं ते तरी वाचू.

ते सोपं नाही. १८८० पासून १८९७ मध्ये प्लेगने मृत्यू होईपर्यंत लोखंडेंनी ‘दीनबंधू’ चालवला, पण त्या काळातले अंक फार थोडे उरलेत. बरंचसं सापडतं ते सरकारी अहवालांत. देशी पत्रांवर नजर ठेवणारा अनुवादक दर आठवड्याला इंग्रजीत सारांश काढायचा. लोखंडेंचा मुद्दा त्यात कळतो, त्यांची मराठी कळत नाही.

म्हणून सप्टेंबर १८८४ चा अर्ज मला जास्त मोलाचा वाटतो. मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या, मागण्या पाच. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामात जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय.

विशेषणं नाहीत, शाप नाहीत. नुसती मापं. लोखंडे आधी मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, आणि हा अर्ज स्टॉकचं रजिस्टर ठेवणाऱ्या हाताचाच वाटतो. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे उन्हाळ्यात बारा तासांच्या वर. आज वाचताना ही मागणी भित्री वाटू शकते. जोतीराव फुल्यांनाही लोखंडे फार जपून वागतात असं वाटलं होतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ची सगळी प्रकरणं ‘दीनबंधू’त आली नाहीत, यावर ते चिडले होते.

संपादक म्हणून तिथे लोखंडे कमी पडले, असं मलाही वाटतं. पण अर्जातली सावधगिरी वेगळी आहे. उद्या सकाळी गिरणीत परत जायचं असलेला माणूस ज्यावर सही करू शकेल, तेवढंच त्यात लिहिलंय. फुल्यांच्या आसुडावर साडेपाच हजार सह्या मिळाल्या असत्या का?

माझ्या पहिल्या नोकरीत स्टायपेंड दोन-दोन महिने रखडायचा. आम्ही अकरा जण कँटीनमध्ये कंपनीला शिव्या घालायचो. एक मेल लिहून खाली अकरा नावं टाकायची, हे कुणाच्याच हातून झालं नाही. माझ्याही नाही.

फॉरवर्डमध्ये लोखंडे सुट्टी देणारे देव झालेत. अर्जात ते १५ तारीख लिहिणारे कारकून दिसतात, आणि मला हेच लोखंडे जवळचे वाटतात. पुढच्या १० जूनला ग्रुपवर त्या पाचही मागण्या टाकणार आहे.