दुःख आणि प्रतिभा

कवी म्हटला की तो दुःखी, किंबहुना थोडा वेडसर असायचाच, अशी एक समजूत आहे. वयाची २८ वर्षे पुरी होण्याआधीच, १९१८ मध्ये रेल्वे अपघातात गेलेले बालकवी दाखल्यादाखल सांगितले जातात. मग बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९-२०००) यांचे काय? वकिली सांभाळून त्यांनी कविता लिहिली. 'शीळ' १९५४ मध्ये आला. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

निवडक उदाहरणांनी काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकेत नॅन्सी अँड्रियासन यांना १९८७ मध्ये ३० लेखकांपैकी ८० टक्क्यांत भावनिक विकार आढळले. तुलनेच्या गटात ३० टक्के. पण नमुना लहान, लेखक एकाच कार्यशाळेतले आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंना लेखक कोण हे ठाऊक! स्वीडनमध्ये २०१३ मध्ये सुमारे १२ लाख रुग्णांच्या व नातेवाइकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. द्विध्रुवी विकार वगळता सर्जनशील व्यवसायांत मनोविकार एकंदरीत जास्त नव्हते. लेखकांत मात्र नैराश्य व आत्महत्या अधिक होत्या.

संबंध आहे; पण संबंध म्हणजे कारण नव्हे. दुःखी माणूस लेखनाकडे वळतो, की लेखकाचे अस्थिर जीवन त्याला खचवते, हे या आकड्यांवरून ठरत नाही. तीव्र नैराश्यात तर एकाग्रताच हरवते.

म्हणून शिक्षकांना आम्ही सुचवू: विद्यार्थ्याच्या उदास कवितेचे कौतुक जरूर करा, पण त्याची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर तिला प्रतिभेची खूण समजू नका. त्याच्याशी बोला, पालकांना सांगा, डॉक्टरांकडे पाठवा. बरा झाल्याने कवी संपत नाही.